एका सीलसाठी हावड्याला

कोलकात्याहून परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" व्हिक्टोरिया पाहिलं नाही म्हटलं की चेहरे पडतात. दक्षिणेश्वरला गेले नाही म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानेच बघतात. चार दिवसांत मी एक शूटिंग रेंज, एक साखरेसारखी गोड मावशी आणि हावड्यातली लेथ मशिनांची एक गल्ली एवढंच पाहिलं. पण त्या गल्लीबद्दल सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझी ओळख. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, वय त्रेपन्न. सेहेचाळिसाव्या वर्षी, मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर, मी एअर पिस्तूल हातात धरलं. दहा मीटरवरून छोट्या काळ्या गोलात छर्रा मारायचा, असे साठ शॉट, एकूण गुण सहाशे. पुढच्या मोठ्या स्पर्धेला जायचं तर त्यातले पाचशे चाळीस लागतात. गेली तीन वर्षं मी त्या आकड्याच्या दारात उभी होते: एकदा पाचशे अडतीस, एकदा छत्तीस आणि मागच्या वर्षी चक्क एकोणचाळीस. त्या एका गुणाने मला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

यंदा ज्या स्पर्धांचे गुण धरतात त्यांतली शेवटची कोलकात्याला होती. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी जमलं नाही तर पिस्तूल विकायचं. गिऱ्हाईकही तयार होतं. आमच्या क्लबातले शिंदे सर, शाळेत पीटी शिकवतात. क्लबच्या जुनाट पिस्तुलावर नेम धरून धरून बिचारे कंटाळले आहेत. "मॅडम, घाई नाही," असं ते दर महिन्याला म्हणायचे, म्हणजे घाई होती. मी शब्द दिला होता: कोलकात्याला जमलं नाही, तर आल्यावर तुमचं.

शुक्रवार, रेंज

विमानात पिस्तुलाचा सिलिंडर रिकामा करूनच न्यावा लागतो. तो हातभर लांबीचाही नसतो, पण त्यात दाबाने हवा भरलेली असते आणि त्या हवेवरच छर्रा उडतो. धुक्यामुळे विमान तीन तास उशिरा उतरलं. मी सामान मावशीकडे टाकलं आणि तशीच रेंजवर गेले. कागद तपासून झाले, कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरून घेतला, पिस्तुलाला बसवला. काटा दोनशेवर. मनात म्हटलं, चला, निम्मं काम झालं.

सरावाचे दहा शॉट मारले. मी फार सावकाश मारते, हे इथेच सांगून टाकते. पिस्तूल उचलायचं, नेम धरायचा, मनाला पटलं नाही की खाली ठेवायचं. पुन्हा उचलायचं, पुन्हा खाली. एका शॉटला तीन-तीनदा. साठ शॉटला सव्वा तास मिळतो, तो मी शेवटच्या मिनिटापर्यंत पुरवून वापरते. शेजारच्या मुली सामान आवरून, चहा पिऊन, परत माझी गंमत बघायला येतात.

दहा शॉट झाले आणि काट्याकडे लक्ष गेलं. एकशे चाळीस. दहा शॉटना इतकी हवा लागत नाही. कान लावला तर जोडापाशी बारीक सूं असा आवाज.

शिंदे सरांना फोन लावला. माझ्या पिस्तुलाची नस न नस माहीत असलेला दुसरा माणूस साताऱ्यात नाही.

"जोडावर साबणाचं पाणी लावा," ते म्हणाले. "बुडबुडे आले तर मानेवरचं सील गेलंय. नवीन आहे ना तुमच्या डबीत?"

"डबी भरलेली आहे सर."

खरंच भरलेली होती. औषधाच्या गोळ्या ठेवायची, सोमवार-मंगळवार लिहिलेली प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात मी सुटे भाग ठेवते. स्प्रिंगा, बारके स्क्रू, पाने आणि सीलं. सील म्हणजे सिलिंडरच्या मानेवर बसणारी, बांगडीसारखी पण करंगळीतही न जाणारी कडी. मी डबीतलं एक काढून बसवलं. सूं. दुसरं बसवलं. सूं. तिसऱ्याला तर आवाज वाढला. नऊच्या नऊ सीलं बसवून झाली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दर वर्षी मी पिस्तूल सर्व्हिसिंगला पुण्याला देते. आणि दर वर्षी त्या माणसाला बजावते, "काढलेलं परत द्या हं." स्कूटरचे प्लग बदलले की जुने मागून घ्यायचे, शिंप्याकडून उरलेली चिंधी आणायची, हे आमच्या घरात आईच्या दुधाबरोबरच मिळतं. बदललंय की नुसतं बिल लावलंय हे कळायला नको? तर ती काढलेली सीलं मी इमानेइतबारे डबीत टाकत गेले. मधल्या काळात खरी नवी दोन-तीन होती ती वापरून संपली. डबी मात्र भरलेलीच दिसायची, म्हणून मी नवीन मागवली नाहीत. सात वर्षं मी सुटे भाग म्हणून सगळी म्हातारी सीलं सांभाळत होते.

पुन्हा फोन. शिंदे सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, जुनी फेकून द्या म्हणून मी कितीदा सांगितलं होतं."

"सर, आता ओरडू नका. मी आधीच रडवेली झालेय."

"कुरिअरने पाठवलं तरी सोमवारी पोचेल. तुमचा सामना रविवारी सकाळी." मग म्हणाले, "पण हार मानू नका. तिथे काहीतरी मिळेल."

माझी हार म्हणजे त्यांचं पिस्तूल, आणि हा माणूस मला हार मानू नका म्हणत होता. फोन ठेवल्यावर मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

रेंजवर इतर मुलींना विचारलं. सगळ्या धावून आल्या, आपापल्या पेट्या उघडल्या. पण कुणाचं पिस्तूल एका कंपनीचं, कुणाचं दुसरीचं, आणि माझं तर जुन्या घडणीचं. एकीचंही सील मानेवर बसेना.

शुक्रवार संध्याकाळ, भवानीपूर

विद्यामावशी ही आईची मामेबहीण. जन्म कोलकात्यातला, सारं आयुष्य इथेच गेलं, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. बहात्तर वर्षांची आहे. तिचं मराठी आपल्यासारखंच स्वच्छ, फक्त जोरात बोलायची वेळ आली की मधेच "ओ मा!" निघतं.

जेवणाला वरण-भात, पण तांदूळ बारीक, सुवासिक गोबिंदोभोग. थालीपीठ, आणि सोबत लोण्याऐवजी काशुंदी, म्हणजे मोहरीची झणझणीत चटणी. थालीपिठाला हे लावायचं धाडस मी साताऱ्यात कधी केलं नसतं, पण तीन खाल्ली. मी सवयीने गोडाची वाटी पानात वाढून घ्यायला गेले तर मावशीने हात धरला.

"गोड शेवटी. इथे गोड पानात आधी घेतलं तर बाई आजारी आहे म्हणतात."

"आमच्याकडे सगळं एकदम पानात येतं, मावशी. मीठ-लिंबापासून गोडापर्यंत."

"आणि इथे एकेक करून. कडू आधी." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझं तोंड असं का? विमानात काही झालं का?"

मी सगळं सांगितलं. शेवटी डबी पुढे ठेवली. तिने चष्मा वर करून सीलं निरखली.

"ओ मा! एवढ्याशासाठी? पाण्याच्या पंपाचं असलं काहीतरी गेलं की तुझे काका हावड्याला जायचे. दुकानात मिळालं नाही तर तिथे करून घ्यायचे. उद्या सकाळी जाऊ."

"मावशी, हे जर्मनीत तयार होतं."

"मग? हावड्यात जर्मनीच्या मशिनीचे भाग होत नाहीत असं कोण म्हणालं?" ती इतकी ठामपणे बोलली की मी निमूटपणे नलेन गुडाचा संदेश तोंडात टाकला. खजुराच्या नव्या गुळाची ही मिठाई थंडीतच मिळते. एवढी काळजी असतानाही तो संदेश उतरला, यावरून काय ते ओळखा.

शनिवार, हावडा

एस्प्लनेडहून नदीखालून जाणाऱ्या मेट्रोने जायचा बेत होता. पण दारातल्या तपासणीत सिलिंडर दिसला आणि शिपायाने पिशवी बाजूला घेतली. मी कागद दाखवले, मावशीने बंगालीत भूगोलाच्या तासाला शोभेल असं भाषण दिलं. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि नम्रपणेच नाही म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही बाबूघाटावर जाऊन लाँच पकडली. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि हावड्याचा पूल मधूनच डोकं वर काढून पुन्हा गडप होत होता. इतर वेळी मी फोटो काढले असते. त्या दिवशी मात्र पिशवी पोटाशी धरून घड्याळ बघत बसले.

बेलिलियस रोडच्या आतल्या गल्ल्या म्हणजे एक अजब कारखाना आहे, फक्त त्याला एक छप्पर नाही. प्रत्येक खोलीत एक मशीन आणि एक माणूस. एक फक्त भोकं पाडतो, दुसरा फक्त आटे पाडतो, तिसरा फक्त घासून गुळगुळीत करतो. वस्तू हातगाडीवरून या खोलीतून त्या खोलीत जात पूर्ण होते. आपल्याकडे दुकानदाराला जमत नसलं तर "मिळणार नाही" म्हणून तो मान फिरवतो. इथे कुणीच नाही म्हणत नाही. जमत नसलं तर हातातलं काम टाकून रस्त्यावर येतो आणि ज्याला जमतं त्याच्या दाराकडे बोट दाखवतो. अशी तीन बोटं झाल्यावर आम्ही निमाईदांच्या खोलीत पोचलो.

निमाईदा साठीचे, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि समोर त्यांच्याहून वयस्कर लेथ. मावशीने बंगालीत विषय काढला. "पिस्तौल" शब्द ऐकताच त्यांनी मशीन बंद केलं.

"पिस्तौल का काम हम नहीं करता, दीदी. पुलिस आएगा."

मी घाईने स्पर्धेचं पत्र काढलं, माझं ओळखपत्र काढलं, आणि माझ्या मोडक्या हिंदीत हा खेळ आहे, यात बारूद नसतं, हवा असते, असं सगळं सांगितलं. पिस्तूल रेंजवरच ठेवलं होतं, हातात फक्त सिलिंडर. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"आप खेलती हैं? आप खुद?"

"मी खुद."

त्यांना काय वाटलं कोण जाणे, हसले आणि हात पुढे केला. "नमुना दीजिए."

मी डबी उघडून नऊ सीलं त्यांच्या तळहातावर ओतली. त्यांनी एकेक उजेडात धरलं, नखाने दाबून पाहिलं.

"दीदी, ये तो सब बुड्ढा है. जवान कहाँ है? पुराना देखके नया नहीं बनता. ये घिस गया है, फूल गया है. सही माप हमको कौन बताएगा?"

मी कपाळावर हात मारला. एक नवं सील, एकच, जपून ठेवलं असतं तर ते नमुना झालं असतं. मी म्हटलं, "माझी चूक आहे. पण उद्या सकाळी माझा सामना आहे आणि मी तसंच परत जाणार नाही."

मावशीने याचं बंगालीत भाषांतर करताना त्यात बरीच भर घातली असावी, कारण निमाईदांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

पुढचे दोन तास मी स्टुलावर बसून त्यांचं काम पाहत होते. त्यांनी नऊही सीलं मापली. नऊ मापं निघाली. मग सिलिंडरची मान मापली, जिथे सील बसतं ती खाच मापली. एका डब्यातून पिवळट प्लॅस्टिकसारखा दांडा काढला. मोठ्या प्रेसची सीलं याचीच करतात, रबरापेक्षा चिवट असतो, म्हणाले. दांडा फिरू लागला, पात्याखालून पिवळे केस निघावेत तसे धागे निघू लागले. मातीच्या भांड्यातून चहा आला. साताऱ्यात चहा पिऊन झाला की कप विसळतात, इथे भांडं फेकतात. मला काही ते फेकवेना, पिशवीत घालायला गेले. मावशीने डोळे वटारले तेव्हा टाकलं.

शेवटी त्यांनी पाच कड्या एका कागदावर मांडल्या. पाहायला सारख्याच. पण प्रत्येक आधीच्या कडीपेक्षा केसभर जाड. कागदावर एक ते पाच आकडे टाकले.

"इसमें से एक बैठेगा. कौन सा, हमको नहीं मालूम. पतला से शुरू करिए. और एक बात. जो बैठेगा, एक ही बार बैठेगा. सिलिंडर दुबारा खोला तो कट जाएगा."

"आणि कमी पडलं तर?"

"तो सोमवार को आइए," ते म्हणाले. "कल छुट्टी."

दुपारी रेंजवर साबणाचं पाणी घेऊन बसले. एक, दोन, तीन: तिन्ही फुसफुसली. चौथं बसलं. बुडबुडे अगदी बारीक, पण थांबत नव्हते. मी घड्याळ लावून बसले. काटा उतरत होता, पण हळूहळू, आणि पन्नास मिनिटांनी लाल पट्ट्याला टेकला. लाल पट्ट्यात गेलं की हवेचा जोर कमी होतो आणि छर्रा खाली पडतो. म्हणजे चौथ्याने पन्नास मिनिटं मिळत होती, पण तपासताना ते वापरून झालं होतं. पुन्हा हवा भरायला सिलिंडर उघडला तेव्हा निमाईदा म्हणाले तसं खरंच त्याला चीर गेली. राहिलं पाचवं, सगळ्यात जाड. ते तपासायचं म्हणजे गमवायचं. मी ते तपासलं नाही.

शिंदे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जाड आहे म्हणजे निदान तेवढं तरी टिकेल. मॅडम, पन्नास मिनिटांत साठ शॉट. उचललं की मारायचं. खाली ठेवायचं नाही."

"मला ते जमत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "उद्या जमवा."

रविवार, सामना

मावशी लाल काठाची साडी नेसून प्रेक्षकांत बसली होती, लग्नाला आल्यासारखी. सामन्याआधी पंधरा मिनिटं सरावाला मिळतात. त्यातली तेरा मी सिलिंडर न लावता नुसता हात उचलण्यात घालवली. मग पाचवं सील बसवलं, फिरवून घट्ट केलं, आणि कान लावला. आवाज नव्हता. पण बोट ओलं करून लावलं तर हवेची झुळूक लागली. घड्याळ सुरू झालं होतं.

पहिला शॉट उचलला, नेम हलला, आणि सात वर्षांच्या सवयीने हात खाली येऊ लागला. तो मी मधेच थांबवला. दात आवळून धरला आणि मारला. आठ. माझ्या तोंडून एक न लिहिण्याजोगा शब्द गेला. दुसरा मारला: नऊ. तिसरा: दहा.

विचार करायला वेळच नव्हता. उचल, धर, सोड. पहिल्या दहांत एकोणनव्वद. मग एक्क्याण्णव, मग नव्वद. मी कधीच इतक्या भरभर मारलं नव्हतं आणि कधीच इतकं बरंही मारलं नव्हतं. मला खरं तर स्वतःचा संताप आला. इतकी वर्षं प्रत्येक शॉटला आणखी एक उचल हाताशी राखून ठेवली, आणि पहिल्या उचलीवर कधी विश्वासच टाकला नाही. चौथ्या फेरीत ब्याण्णव, पाचव्यात नव्वद. पन्नास शॉट, चारशे बावन्न गुण. शेवटच्या दहांत अठ्ठ्याऐंशी हवे होते.

सात शॉट नीट गेले. त्रेसष्ट गुण झाले. आठव्याला नेम स्वच्छ होता, हात स्थिर होता, आणि गुण दाखवणाऱ्या पडद्यावर ठिपका खाली पडला. सात. काट्याकडे पाहिलं: लाल पट्टा.

दोन शॉट राहिले होते आणि अठरा गुण. दोन नऊ. पुन्हा हवा भरायची तर सिलिंडर उघडायचा, आणि सहावं सील नव्हतं. त्या सबंध सामन्यात तेव्हा एकदाच मी पिस्तूल टेबलावर ठेवलं. नेम वर-खाली करणाऱ्या मागच्या साइटचा स्क्रू वर फिरवला, एक टिक, दोन टिक, आणि अंदाजाने तिसरी. हा निव्वळ अंदाज होता, निमाईदांच्या पाच कड्यांसारखा. मग उचललं आणि मारलं. नऊ.

शेवटचा. हवा आणखी उतरली होती, म्हणून अर्धा विचार करून आणखी एक टिक. हात उचलला. खाली ठेवावंसं इतकं वाटलं की खांदा दुखला. ठेवलं नाही.

नऊ.

पडद्यावर पाचशे चाळीस होतं. मी ते तीनदा वाचलं. मग खुर्चीवर बसले, आणि पिस्तूल पेटीत ठेवायला शेजारच्या मुलीने मदत केली. अजून निम्म्या मुली मारत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं त्यांच्याआधी आटपलं होतं.

निकालाचा कागद लागला तेव्हा मावशी माझ्याआधी तिथे पोचली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आली.

"मंजू, एकतिसावी आलीस गं. चौतीस जणींत."

"हो मावशी." मी रडत होते.

"रडू नकोस. पुढच्या वेळी..."

"अगं, जमलं मला!" मी तिला मिठी मारली. "पाचशे चाळीस! एकतिसावी आले तरी चालतं!"

तिला ते काही पटलं नाही, पण मी खूश आहे म्हटल्यावर तीही खूश झाली, आणि दारातल्या चहावाल्यापासून सगळ्यांना बंगालीत सांगत सुटली.

मी कोपऱ्यात जाऊन शिंदे सरांना फोन लावला. रविवारी सकाळी ते क्लबातच असतात. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे हातातच धरून बसले होते.

"सर," मी म्हटलं, "तुमच्यासाठी वाईट बातमी आहे."

त्यांनी हळूच विचारलं, "किती?"

"चाळीस."

फोन तसाच हातात धरून ते सगळ्या क्लबला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अरे, थांबा सगळे! मॅडमना जमलं! पिस्तूल मिळणार नाही मला!"